२० हजारात जुना लॅपटॉप घ्यायला निघालात? पेनड्राइव्ह, इअरफोन आणि एक तास वेळ घेऊन जा

भाचीला इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी दाजींचा फोन, "२० हजारात काहीतरी बघ रे, तुला कळतं त्यातलं." कळतं म्हणजे काय, एकदा पैसे घालवून शिकलोय. पहिल्यांदा मी जुना लॅपटॉप घेतला तेव्हा इंटेलच्या आय-सेव्हन प्रोसेसरचा स्टिकर बघून भुललो, घासाघीस करून दोन हजार कमी केले म्हणून खूश, आणि घरी येऊन नीट बघितलं तर आय७-४६००यू, म्हणजे चौथी जनरेशन, २०१३ चा माल, कोर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) फक्त दोन. तेवढ्याच पैशात आठव्या जनरेशनचा आय-फाइव्ह मिळत होता, तो चार कोरचा!

तर पहिली गोष्ट हीच, दुकानदार "आय-फाइव्ह आहे, आय-सेव्हन आहे" म्हणाला की पुढचा नंबर विचारायचा. आय५-८२५०यू असेल तर डॅशनंतरचा ८ म्हणजे आठवी जनरेशन, आणि आकडा १० किंवा ११ ने सुरू होत असेल तर दहावी-अकरावी. आठवीच्या खाली जाऊ नका. एक तर सातवीपर्यंतचे ते बारके लॅपटॉपवाले आय-फाइव्ह दोनच कोरचे यायचे (आय५-७२००यू वगैरे), आणि दुसरं म्हणजे इंटेलमध्ये विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टची मान्य प्रोसेसरची यादी साधारण आठव्या जनरेशनपासूनच सुरू होते, आणि विंडोज १० चा फ्री सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झालाय. दुकानवाले सहाव्या-सातव्यावर पण ११ टाकून देतात, चालतं पण, पुढे एखादा मोठा अपडेट अडला की आपण बसतो डोकं धरून. हां, बजेट अगदीच १० हजाराचं असेल आणि काम फक्त टायपिंग, यूट्यूब, ऑनलाइन फॉर्म एवढंच असेल तर सहावी-सातवी घेऊन त्यावर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) टाका, मस्त चालतं.

आता कुठला घ्यायचा. मोठ्या कंपन्या लॅपटॉप लीजवर घेतात, तीन-चार वर्षांनी लॉटच्या लॉट बाहेर काढतात, तोच माल मुंबईत लॅमिंग्टन रोडला, दिल्लीत नेहरू प्लेसला आणि आता प्रत्येक शहरातल्या दोन-चार दुकानांत येतो. त्यातले लेनोवोचा थिंकपॅड टी४८०, डेल लॅटिट्यूड ७४९०, एचपी एलिटबुक ८४० जी५ हे तिन्ही आठव्या जनरेशनमध्ये मिळतात, तिन्हीत रॅमचे दोन स्लॉट आहेत, म्हणजे आज ८ जीबी घेऊन नंतर १६ करता येते. दिसायला काळे-करडे, सरकारी ऑफिसात शोभतील असे, भाचीने नाक मुरडलंच, पण घरगुती वापराच्या चकचकीत प्लास्टिकच्या लॅपटॉपची बिजागरी दोन वर्षांत तुटते त्यापेक्षा हे परवडलं. टी४८० च्या शेवटी एस असेल तर तो पातळ असतो, पण त्यात अर्धी रॅम बोर्डालाच चिकटवलेली, स्लॉट एकच. गेमिंगचा जुना लॅपटॉप या बजेटमध्ये नकोच, कोणी किती तापवलाय काय माहीत.

स्क्रीनकडे लोक बघतच नाहीत! यातल्या काही मॉडेल्समध्ये स्वस्तातला १३६६ बाय ७६८ वाला पण येतो, थोडं वाकून बघितलं की रंग उलटेपालटे, दिवसभर कोडिंग करणाऱ्या पोरीचे डोळे जायचे. डिस्प्ले सेटिंगमध्ये १९२० बाय १०८० दिसलं पाहिजे, म्हणजे दिसलंच पाहिजे. मग एक पूर्ण पांढरा फोटो आणि एक पूर्ण काळा फोटो फुल स्क्रीन लावा, डाग आणि मेलेले पिक्सेल लगेच दिसतात.

बॅटरीचं सांगतो कारण इथेच सगळ्यात जास्त फसतात लोक. "दोन-तीन तास आरामात जाते" हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकायला मिळतं. कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, मग स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट असं इंग्लिशमध्ये (powercfg /batteryreport) टाइप करा, एक फाइल बनते, ती ब्राउझरमध्ये उघडा. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे दिसतात, पहिला ६०,००० आणि दुसरा ४२,००० असेल तर बॅटरी ७० टक्के उरलीय, ते ठीक. निम्म्यावर असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कमी करायला सांगा. टी४८० मध्ये दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक मागे काढता येणारी, दोन्हीचे आकडे वेगळे बघा. आणि डुप्लिकेट बॅटरी रिपोर्टमध्ये खोटं पण बोलते, म्हणून चार्जर काढून वीस मिनिटं यूट्यूब चालू ठेवा आणि टक्के किती उतरले ते बघा, तेवढ्यात फॅनचा आवाज आणि गरम किती होतो तेही कळतं. टचपॅड वर आल्यासारखा वाटला किंवा क्लिक होत नसेल तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते, तो पीस ठेवून द्या, स्वस्त दिला तरी.

ती वीस मिनिटं नुसतं बसू नका. नोटपॅड उघडून प्रत्येक की दाबा, पेनड्राइव्ह प्रत्येक पोर्टला लावा, इअरफोन, कॅमेरा, माइक, आणि वायफाय स्वतःच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर पेनड्राइव्हमध्ये घेऊन जा, एसएसडीची (चिपवाल्या वेगवान डिस्कची) तब्येत टक्क्यात दाखवतं. एसएसडी नसून जुनी हार्डडिस्क असेल तर तिथेच बदलून मागा, १ टीबीच्या मोहात पडू नका.

आता कंपनीच्या मालातली खरी गोम. मशीन बंद करून चालू करताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जा, डेलला एफ२, एचपीला एफ१०, थिंकपॅडला एफ१. पासवर्ड मागितला तर "नंतर काढून देतो" वर विश्वास ठेवू नका, तो आधीच्या कंपनीने लावलेला असतो आणि सहजासहजी निघत नाही. दुसरं म्हणजे दुकानातच विंडोज रिसेट करायला लावून नेटला जोडायला सांगा. सेटअपमध्ये मध्येच कुठल्या तरी कंपनीचं नाव येऊन तिथला ईमेल मागितला तर तो लॅपटॉप अजून त्या कंपनीच्या खात्यात नोंदलेला आहे, सरळ उठा. यात तासभर जातो, दुकानदार वैतागतो, वैतागू दे, आपण चहा मागवायचा.

चार्जर ओरिजिनल मागा, डेलला तर विशेष. चार्जर ओळखला नाही तर डेल चालू होताना तसा मेसेज येतो, मग बॅटरी चार्ज होत नाही आणि मशीन पण मुद्दाम हळू चालतं, आणि आपल्याला वाटतं लॅपटॉपच बिघडला.

ऑनलाइन कोणा अनोळखी माणसाकडून घेत असाल तर आधी टोकन पाठवू नका, "मी आर्मीत आहे, बदली झालीय, कुरिअर करतो" हा प्रकार आता जुना झाला तरी लोक अजून अडकतात. समोर भेटा, बघा, मग पैसे.

बिल घ्याच, त्यावर खालच्या बाजूला छापलेला सिरियल नंबर लिहून घ्या, डेल असेल तर सर्व्हिस टॅग. "टेस्टिंग वॉरंटी" किती दिवसांची आणि बिघडलं तर पैसे परत की नुसता दुसरा पीस हेही त्याच बिलावर पेनाने लिहून सही घ्यायची. भाचीच्या वेळी दुकानदार म्हणाला, "साहेब, विश्वास नाही का?" मी म्हटलं आहे ना, म्हणूनच लिहून मागतोय. लिहून दिलं त्याने, वर जुनी बॅग पण दिली.