बीएसआयडी काढायला निघालेल्यांसाठी

जीपी रेटिंगचा, म्हणजे बोटीवरच्या साध्या खलाशाचा कोर्स झाला, सीडीसी (खलाशाची सरकारी नोंदवही) हातात आली, की बहुतेक पोरांना वाटतं कागदपत्रांचं काम संपलं. मग कंपनीत मुलाखतीला गेल्यावर कुणीतरी विचारतं, "बीएसआयडी काढलंय का?"

बीएसआयडी म्हणजे खलाशाचं बायोमेट्रिक ओळखपत्र. अमेरिकेवरच्या २००१च्या हल्ल्यानंतर बंदरांची सुरक्षा कडक झाली आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २००३मध्ये करार क्रमांक १८५ केला. आधी त्यात बोटांचे ठसे होते. २०१६च्या दुरुस्तीत त्यांच्या जागी चेहऱ्याची प्रतिमा असलेली चिप आली. भारतानं करार २०१५मध्ये मान्य केला आणि २०१९च्या नोव्हेंबरपासून कार्ड द्यायला सुरुवात केली.

कार्ड मिळतं सीडीसी असलेल्यालाच. म्हणजे क्रम असा: पासपोर्ट, इंडोस नंबर (खलाशाचा सरकारी नोंदणी क्रमांक), कोर्स, सीडीसी आणि शेवटी बीएसआयडी. एक कागद दुसऱ्याच्या आधारावर निघतो, त्यामुळे पहिल्या कागदावरची चूक शेवटपर्यंत सोबत येते.

आणि आपल्याकडची चूक जवळपास ठरलेली असते: नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टात आडनावाचा रकाना वेगळा. आधारवर कधी क्रम उलटा, कधी वडिलांचं नाव गायबच. त्यात इंग्रजी स्पेलिंगची भर. वाडेकरला कुणी व्ही लावतो, कुणी डब्ल्यू, आणि एकाच घरात दोघं भाऊ दोन तऱ्हेनं लिहितात! गावात यानं काही अडत नाही, पण बोटीच्या क्रू लिस्टमध्ये अडतं. म्हणून पासपोर्टावरचं नाव प्रमाण धरा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्या, तेही इंडोसला अर्ज करण्याच्या आधी. जन्मतारीख आणि जन्मगावही त्याच वेळी ताडून पाहा. नंतर दुरुस्तीला किती ठिकाणी हेलपाटे पडतात ते विचारू नका.

अर्ज ऑनलाइन होतो, पण प्रत्यक्ष जावं लागतंच, कारण चेहऱ्याची नोंद केंद्रावरच घेतात. देशात अशी नऊ केंद्रं ठरवली. मुंबई आणि गोवा त्यात आहेत. सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या मुलानं उगाच रात्रभर गाडीत बसून मुंबई गाठू नये, गोवा हाकेवर आहे. मूळ कागद न्या, झेरॉक्सच्या भरवशावर राहू नका.

एजंटची गरज आहे का? माझ्या मते अजिबात नाही. केंद्रावर तुमच्याऐवजी त्याचा चेहरा चालणार नाही, मग तो पैसे कशाचे घेतो? 'कार्ड आमच्याकडे ठेव, जॉइनिंगला देऊ' असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. करारानुसार हे कार्ड खलाशाकडेच राहायला हवं. सांभाळायला घ्यायचंच तर फक्त बोटीच्या कॅप्टननं, तेही तुमच्या लेखी संमतीनं. नोकरी देणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा सरकारी परवाना आहे का, ते नौवहन महासंचालनालयाच्या साइटवर पाहून घ्या.

या कार्डानं काय मिळतं? करार मानणाऱ्या देशात बोट लागली की किनाऱ्यावर उतरायला वेगळा व्हिसा मागू नये, हा मूळ हेतू. पण हा पासपोर्ट नव्हे, व्हिसाही नव्हे. अमेरिकेनं करार मान्य केलेला नाही. तिथं सी-वन/डी हा खलाशांचा व्हिसा लागतोच. तो असला तरी टर्मिनलच्या कडक सुरक्षेच्या भागातून एकटं चालत बाहेर पडता येत नाही. त्यासाठी तिथल्या कामगारांकडे 'ट्विक' नावाचं त्यांचं वेगळं कार्ड असतं. आपल्याला गेटपर्यंत सोबतीला माणूस किंवा टर्मिनलची गाडी लागते. पूर्वी काही ठिकाणी याचे खलाशाकडून पैसे उकळायचे. आता तिथल्या नियमानुसार ही सोय खलाशाला फुकट द्यावी लागते, तेव्हा कुणी डॉलर मागितले तर आधी कॅप्टनला किंवा बंदरावरच्या सीमेन्स क्लबला (खलाशांच्या मदतीचं केंद्र) सांगा.