झेंडा लपवू नका : टेकडीवर ओरिएंटियरिंग कसं भरवायचं

सोसायटीत ओरिएंटियरिंगचा विषय काढला की कुणीतरी हमखास म्हणतं, "अच्छा, म्हणजे ट्रेझर हंट!" घोळ तिथूनच सुरू होतो. ट्रेझर हंटमध्ये वस्तू लपवलेली असते. इथे काहीच लपवलेलं नसतं. हातात नकाशा असतो, नकाशावर जांभळे गोल असतात आणि प्रत्येक गोलाच्या मध्यावर जमिनीवर एक पांढरा-केशरी झेंडा असतो. या झेंड्याला खेळात 'कंट्रोल' म्हणतात. एका कंट्रोलवरून दुसऱ्यावर कुठून जायचं, ते ज्याचं त्याने ठरवायचं. चढ टाळून वळसा घ्यायचा की सरळ घळीत उतरायचं? खेळ आहे तो एवढाच.

हा खेळ मूळचा स्कँडिनेव्हियातला. १९१९ साली मेजर अर्न्स्ट किलँडर यांनी स्टॉकहोमजवळच्या रानात स्पर्धा भरवली, तेव्हा दोनशेहून जास्त लोक धावले. १९६५ पासून स्वीडनमध्ये दर उन्हाळ्यात 'ओ-रिंगेन' नावाची पाच दिवसांची जत्राच भरते. तिथे जगज्जेते धावपटू, त्यांचे आजोबा आणि आईचं बोट धरलेली पोरं एकाच रानात उतरतात. रान तेच, झेंडेही बरेचसे तेच, फक्त मार्ग वेगळे. आपल्याला टेकडीवर हेच करायचं आहे, पण पन्नास-साठ माणसांसाठी.

आधी जागा आणि परवानगी

पुण्यातल्या वेताळ टेकडीसारखी जागा उत्तम, पण पहिल्या खेपेला नको. मोठं कॉलेज, विद्यापीठाचा परिसर किंवा मोठी बाग घ्या. चारी बाजूंनी रस्ता किंवा भिंत असली की चुकलेलं माणूस कुठेतरी जाऊन थांबतंच. बाग असेल तर उद्यान विभाग, टेकडी असेल तर बहुधा वनविभाग, परिसर असेल तर तिथलं कार्यालय, अशी लेखी परवानगी आधी काढा. "रोज फिरायला येतोच की आम्ही" हे उत्तर गेटवरच्या रखवालदाराला पटत नाही, आणि पटूही नये.

दिवस डिसेंबर ते फेब्रुवारीमधला धरा. पावसाळ्यात निसरडं होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवताची कुसळं मोज्यांत अशी घुसतात की पोरं पुन्हा यायचं नाव काढत नाहीत. जागा पाहताना झाडांवर आणि कड्यांखाली आग्या मोहोळ आहे का ते नीट बघा. असेल तर तो भाग नकाशावर सरळ बंद करून टाका.

नकाशा

शाळेत भूगोलात पाहिलेला स्थलदर्शक नकाशा इथे चालत नाही. १:५०,००० प्रमाणावर एक सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर, आणि आख्खी टेकडी अंगठ्याखाली झाकली जाते. जंगलातल्या स्पर्धांना १:१०,००० किंवा १:१५,००० चा नकाशा वापरतात. नवख्यांसाठी १:५,००० घ्या. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे ५० मीटर, आणि ए-फोर कागदावर साधारण एक किलोमीटर रुंद आणि दीड किलोमीटरला थोडा कमी लांब एवढा भाग मावतो.

'ओपनस्ट्रीटमॅप' या इंटरनेटवरच्या खुल्या नकाशावरून वाटा आणि इमारतींचा सांगाडा उचला, 'ओपनओरिएंटियरिंग मॅपर' या फुकट प्रोग्रॅममध्ये घाला आणि मग दोन-तीन सकाळी चालत फिरून दुरुस्त करा. ही पायपीट टाळू नका. उपग्रहाच्या चित्रात न दिसणारी कुंपणाची तार, नवी पायवाट, पाण्याची टाकी यांवरच नवखा माणूस भरवसा ठेवत असतो. एक वाट चुकीची काढलीत तर पन्नास जण चुकतात आणि पन्नासांच्या पन्नास तुमच्या नावाने ओरडतात.

रंगांची खूण आधीच समजावून ठेवा, कारण ती आपल्या सवयीच्या उलट आहे. पांढरा म्हणजे मोकळी जागा नव्हे, तर सहज धावता येईल असं झाडीतलं रान. मोकळं माळरान पिवळं. हिरवा जितका गडद, तितकी झाडी दाट. तपकिरी म्हणजे समोच्च रेषा, निळं म्हणजे पाणी, काळ्या रंगात दगड आणि माणसाने बांधलेल्या वस्तू.

मार्ग आखणं

खरा वेळ इथेच द्या. बारा-चौदा कंट्रोल ठरवा आणि त्यांतूनच तीन मार्ग गुंफा. 'पर्पल पेन' हा प्रोग्रॅम यासाठी चांगला आहे आणि तोही फुकट आहे.

पोरांचा मार्ग दीड-दोन किलोमीटरचा. प्रत्येक झेंडा वाटेवरच हवा आणि वाट बदलायची असेल तिथे, म्हणजे फाट्यावर, झेंडा हवाच. पोरगं एका झेंड्यापाशी थांबतं, नकाशा बघतं, "आता डावीकडे" म्हणतं. एका टप्प्यात एकच निर्णय, त्याहून जास्त नाही. पाच वर्षांच्या आतल्यांसाठी आणखी सोपी युक्ती आहे. सुरुवातीपासून शेवटापर्यंत सुतळी बांधायची, मध्ये मध्ये प्राण्यांची चित्रं लटकवायची आणि सुतळी धरून त्यांना सोडून द्यायचं.

मोठ्या नवख्यांचा मार्ग अडीच-तीन किलोमीटरचा. इथे झेंडा वाटेपासून वीस-तीस पावलं आत असू द्या, पण ओळखू येणाऱ्या वस्तूपाशी: एकटं वडाचं झाड, बांधाचा कोपरा, टाकी. दोन वाटांतली एक निवडावी लागेल असे एक-दोन टप्पे ठेवा.

पळणाऱ्यांचा मार्ग चार-पाच किलोमीटरचा. हे अंतर झेंड्यापासून झेंड्यापर्यंत सरळ रेषेत मोजतात, प्रत्यक्षात पळणं जास्तच होतं. एकूण चढाई मार्गाच्या लांबीच्या चार टक्क्यांच्या आत ठेवायचा दंडक आहे, म्हणजे पाच किलोमीटरला २०० मीटर. आपल्याकडच्या आयोजकाला टेकडी दिसली की शर्यत वर-खाली चार वेळा न्यायचा मोह होतो. तो आवरा. दमसास तपासायला दुसऱ्या शर्यती आहेत. इथे पळता पळता डोकं चालतं का ते बघायचं असतं. म्हणून झेंडा वाटांपासून दूर, जमिनीच्या आकारावर ठेवा: सोंडेच्या टोकाला, घळीच्या तोंडाशी, खिंडीत. सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या तोंडी हे शब्द आधीपासूनच आहेत. समोच्च रेषांच्या ज्या वळणांत त्या जागा दिसतात, ती वळणं वाचायची सवय तेवढी लावावी लागते.

आणि मथळ्यातली गोष्ट. कुणीतरी उत्साही स्वयंसेवक झेंडा झुडपाच्या आत खोचतोच. "थोडं कठीण करू की!" अवघडपणा तिथवर पोचण्यात असावा. बरोबर जागी पोचलेल्याला झेंडा लगेच दिसलाच पाहिजे. नाहीतर नकाशा अचूक वाचणारा शोधत बसतो आणि त्याला शोधताना पाहून मागून आलेला आयता नंबर लावतो.

झेंडे आणि आकडे

झेंडा म्हणजे तीस सेंटिमीटरच्या तीन चौकोनांचं कंदिलासारखं घडवलेलं कापड. प्रत्येक चौकोन तिरका विभागलेला, वरचा डावा भाग पांढरा, खालचा उजवा केशरी. आपल्याकडे टेकडीवर केशरी कापड दिसलं की कुणी हात जोडतं, कुणी कुठल्या पक्षाचा म्हणून विचारतं. तेव्हा प्रत्येक झेंड्याला चिठ्ठी बांधा: "खेळासाठी लावला आहे, दुपारी बारा वाजता काढून नेऊ, कृपया हलवू नये." आणि झेंडे त्याच दिवशी पहाटे लावा. आदल्या रात्री लावलेले सकाळी सापडतील याची खात्री नाही.

प्रत्येक कंट्रोलला सांकेतिक आकडा द्या, आणि तो ३१ पासून पुढे. तीसपर्यंतचे आकडे मार्गातल्या क्रमाशी गल्लत होऊ नये म्हणून मोकळे ठेवतात. आकडे छापून लावा, घाईत हाताने लिहिलेले देवनागरी १ आणि ९ सारखेच दिसतात. पोचल्याची खूण म्हणून प्रत्येक झेंड्याला वेगळ्या रंगाचा खडू बांधा, खेळाडूने आपल्या कार्डावर त्याची रेघ ओढायची. मोठ्या स्पर्धांत बोटाला लावायची इलेक्ट्रॉनिक चिप असते. तिच्यावाचून काही अडत नाही.

सकाळी सुरुवातीला

दहा मिनिटांत तीन गोष्टी शिकवा. नकाशा उत्तरेला लावणे, म्हणजे होकायंत्राची सुई आणि नकाशावरच्या उत्तर-रेषा जुळेपर्यंत स्वतः फिरणे. सुईजवळ मोबाइल धरला तर ती भरकटते, हे करूनच दाखवा, पोरांना गंमत वाटते. दुसरं, नकाशाची घडी घालून आपण आहोत तिथे अंगठा ठेवणे आणि चालताना तो सरकवत नेणे. तिसरं, चुकलो वाटलं की पळणं थांबवून शेवटच्या ओळखीच्या जागी परत जाणे. तिसरं लोकांना पटतं, पण आचरणात कुणी आणत नाही.

एकेकाला किंवा जोडीला दोन-दोन मिनिटांनी सोडा, म्हणजे मागचा पुढच्याच्या पाठी लागत नाही. मदतनीस कमी असतील तर मार्गांच्या भानगडीत न पडता वेळेचा खेळ घ्या: पंचेचाळीस मिनिटं, कुठल्याही क्रमाने जमतील तेवढे झेंडे, लांबच्याला जास्त गुण, उशिराच्या प्रत्येक मिनिटाला गुण कापायचे.

गेले किती, आले किती

प्रत्येकाला शिट्टी द्या, बंद होण्याची वेळ ठणकावून सांगा आणि सुटलेल्यांची यादी शेवटाच्या टेबलावर ठेवा. मध्येच सोडून दिलं तरी शेवटाला येऊन नाव सांगायचंच, हा नियम सगळ्यांत वरचा. आमच्या एका खेळात एक काका तिसऱ्या झेंड्यावर कंटाळून परस्पर मिसळ खायला गेले. फोन गाडीत. आम्ही सात जण तासभर त्यांना हाका मारत टेकडी पालथी घालत होतो. तेव्हापासून नाव नोंदवताना गाडीची किल्ली आमच्याकडे ठेवून घेतो.

चहा सुरू झाला की भिंतीवर एक मोठा नकाशा लावा आणि हातात पेन द्या. चौथ्या झेंड्याकडे कोण कुठून गेलं हे ज्याने त्याने रेघ मारून दाखवावं. पळणारा डोंगरातून सरळ घुसलेला असतो, एखादी नवखी ताई वाटेने वळसा घालून त्याच्याआधी पोचलेली असते, आणि मग वाद रंगतो. पुढच्या खेपेला येणारी माणसं बहुतेक इथेच पक्की होतात.

वाद रंगात असताना दोघांना झेंडे मोजून आणायला पाठवा. सुतळीही शेवटच्या गाठीपर्यंत सोडून आणा, उरली तर मोरांच्या पायात अडकते.