डॅलसला येताय? उपनगर निवडताना या चुका टाळा

न्यू जर्सीत किंवा मिशिगनमध्ये पाच-सात हिवाळे ड्राइव्ह-वेवरचा बर्फ उपसला की माणसाला टेक्सासची स्वप्नं पडायला लागतात. स्टेट इन्कम टॅक्स नाही, त्याच पैशात मोठं घर, वर ऊन. मग लाँग वीकेंड गाठून नवरा-बायको डॅलसला येतात, दोन दिवसांत रांगेने मॉडेल होम बघतात आणि रविवारी रात्री ओळखीतल्या कुणाकडे जेवायला बसल्यावर विचारतात, "फ्रिस्को की प्रॉस्पर? एका वाक्यात सांगा ना." एका वाक्यात मावत नाही हो. मंगळवारी त्यांना बिल्डरला टोकन द्यायचं असतं, कारण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे सगळे तिकडेच घेताहेत. जेवणाच्या टेबलावर तेच तेच सांगून कंटाळले, म्हणून आता लिहूनच ठेवते.

ऑक्टोबरात येऊन पसंत करणं

इथला ऑक्टोबर आणि मार्च कुणालाही भुलवतो. पॅटिओवर बसून सेल्सगर्लने दिलेलं थंड पाणी पिताना माणूस मनात पार्टीची यादी करायला लागतो. ऑगस्टमध्ये दुपारी चार वाजता त्याच पॅटिओवर उभं राहून बघा. २०११ च्या उन्हाळ्याने डॅलसला शंभर फॅरनहाइट आणि त्यावरचे, म्हणजे जवळजवळ ३८ सेल्सिअसचे आणि पुढचे, तब्बल ७१ दिवस दाखवले होते. दर वर्षी इतके नसतात; पण नवीन वसाहतीत झाड म्हणजे काठीला बांधलेली काडी, त्यामुळे सावली कुठेच नाही.

त्यात आपल्या लोकांना पूर्वेचं दार हवं. बिल्डरांनाही हे पाठ झालंय, आणि पूर्वमुखी प्लॉटला वरचे पैसे मागितलेले मी पाहिलेत. वास्तूवर माझा वाद नाही. पण दार पूर्वेला म्हणजे बॅकयार्ड पश्चिमेला, आणि जून ते सप्टेंबर तिथे संध्याकाळी सातपर्यंत पाऊल ठेवता येत नाही. वरच्या मजल्याची पश्चिमेची खोली एसीलाही दाद देत नाही. हे पटत असेल तर खुशाल घ्या, पण मग झाकलेला पॅटिओ आणि मोठं झाड यांचा खर्च आधीच धरा.

उलट टोकाची चूक म्हणजे सगळी जाड जॅकेटं देऊन टाकणं. फेब्रुवारी २०२१ मध्ये इथे पारा उणे १९ सेल्सिअसपर्यंत गेला, राज्याचा वीजपुरवठा कोलमडला आणि माळ्यावरून नेलेले पाण्याचे पाइप घराघरांत फुटले. जिथे हॉस्पिटल किंवा फायर स्टेशनची लाइन होती, अशा बऱ्याच गल्ल्यांची वीज गेली नाही. जुनं घर बघायला गेलात की शेजाऱ्याला एवढंच विचारा, "तेव्हा तुमचे दिवे किती वेळ गेले होते?" हा प्रश्न विचारणारा खरेदीदार मला अजून भेटायचाय.

पहिल्या वर्षाच्या टॅक्सवर बजेट बांधणं

हे माझं आवडतं दुखणं, त्यामुळे सविस्तर.

राज्य इन्कम टॅक्स घेत नाही हे सगळ्यांना पाठ असतं. शाळा, शहर आणि काउंटी आपला खर्च मोठ्या प्रमाणात घरपट्टीतून काढतात हेही ऐकलेलं असतं. पण ते वेगवेगळे दर एकत्र जमतात, आणि नवीन वसाहतीत त्यावर मड किंवा पिड बसतो, हे सेल्स ऑफिसात कुणी आपणहून सांगत नाही. मड म्हणजे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट. माळरानावर पाणी, ड्रेनेज, रस्ते आणायचा खर्च रोखे काढून उभा करायचा आणि तिथे राहायला येणाऱ्यांनी तो वर्षानुवर्षं फेडायचा, असा मामला. पिड म्हणजे पब्लिक इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट, त्याचाच भाऊ. त्यामुळे रस्त्याच्या अलीकडे एकूण दर पावणेदोन टक्क्यांच्या आसपास आणि पलीकडे अडीचच्या जवळ, असंही होतं. पलीकडचं घर स्वस्त का दिसतं, त्याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं.

आता गोष्ट. मिशिगनहून आलेलं एक जोडपं, दोघंही आकड्यांत हुशार. नवीन घर, जूनमध्ये ताबा. टेक्सासमध्ये घराची किंमत १ जानेवारीला जशी असेल तशी धरतात, आणि त्या १ जानेवारीला तिथे नुसता प्लॉट होता. त्यामुळे पहिलं बिल प्लॉटचं आलं. बँकेने एस्क्रोत, म्हणजे कर भरण्यासाठी हप्त्याबरोबर पैसे साठवते त्या खात्यात, पूर्ण घराचा अंदाज धरून पैसे कापले होते. बिल छोटं दिसल्यावर तिने जास्तीचे पैसे परत केले आणि मासिक हप्ताही कमी केला. नवऱ्याचा मला फोन: "तुम्ही उगाच घाबरवता." त्या चेकमधून भिंतभर टीव्ही आला, सोफा आला.

आकडे गोल करून सांगते. प्लॉटचा कर वर्षाला २,४०० डॉलर, म्हणजे एस्क्रोत महिन्याला २००. पुढच्या ऑक्टोबरात पूर्ण घराचं बिल आलं, १२,००० डॉलरचं. बँकेने ते भरलं, पण खात्यात जमा होते २,४००. मग तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पत्र: यापुढे महिन्याला १,००० कर, अधिक मागची तूट ९,६०० बारा हप्त्यांत, म्हणजे आणखी ८००. कालपर्यंतचे २०० एकदम १,८०० झाले. कर्जाचा हप्ता वेगळाच. भारतवारी रद्द, गाडी बदलायचा बेत रद्द, आणि घरात "तू विचारलं नाहीस"वरून जे झालं ते मी लिहीत नाही. बँकेने काही गैर केलं नव्हतं. सगळं कागदावर होतं, वाचायला वेळ कुणाला होता?

माझी सवय अशी: कुणी कुठलंही घर दाखवलं की आधी काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे करासाठी घरांची किंमत ठरवणाऱ्या ऑफिसच्या, साइटवर जायचं आणि त्याच गल्लीतल्या दोन-तीन वर्षं जुन्या घराचा पत्ता टाकायचा. कुठले कुठले कर लागतात ते एकाखाली एक दिसतं. पिड असेल तर त्याची नोटीस खरेदीदाराला द्यावीच लागते, तो कागद मागून घ्यायचा. सगळे दर जोडून, घराच्या किमतीने गुणून, बाराने भागायचं. जो आकडा येईल तो पहिल्या महिन्यापासून बाजूला टाकायचा, बँक कितीही कमी कापो. रिफंडचा चेक आला तर तो तुमचा नाही असं समजायचं.

राहायला गेलात की होमस्टेड एक्झेम्प्शनचा, म्हणजे स्वतः राहत्या घरावरच्या करसवलतीचा, अर्ज स्वतः भरा. शाळेच्या करापुरती १,४०,००० डॉलरची सूट २०२५ पासून मिळते आणि अर्जाला पैसे लागत नाहीत. "आम्ही भरून देतो, इतके पाठवा" अशी सरकारी दिसणारी पत्रं येतात, ती सरळ कचऱ्यात. ड्रायव्हिंग लायसन्सवर नवा पत्ता आधी करून घ्या, नाहीतर अर्ज अडतो.

शहराचं नाव बघून शाळा गृहीत धरणं

"आम्ही फ्रिस्कोत घेतलंय, म्हणजे शाळेचा प्रश्न मिटला." नाही मिटला. इथे शाळा शहराची नसते, आयएसडीची म्हणजे स्वतंत्र शाळा-जिल्ह्याची असते, आणि त्याची हद्द शहराच्या हद्दीला जुमानत नाही. फ्रिस्को शहराचे भाग फ्रिस्को, प्रॉस्पर, लुइसव्हिल आणि लिटल एल्म अशा चार आयएसडींत आहेत. उलट मॅकिनी किंवा प्लेनोचा पत्ता असूनही मुलं फ्रिस्को आयएसडीत जातात. अर्व्हिंगमध्ये राहून कॉपेल आयएसडी मिळणं हा तर व्हॅली रँचच्या लोकांचा जुना हिशेब. तेव्हा शहराचं नाव विसरा, घराचा पूर्ण पत्ता आयएसडीच्या साइटवर टाका आणि प्राथमिकपासून हायस्कूलपर्यंतची तिन्ही नावं लिहून घ्या.

तीही पेन्सिलने लिहा. मुलं वाढली की नवी शाळा उघडते आणि हद्दी बदलतात. वस्ती जुनी झाली, तरुण कुटुंबांना तिथली घरं परवडेनाशी झाली, की शाळा बंदही होतात. प्लेनो आयएसडीने २०२४ मध्ये चार शाळा बंद करायचं ठरवलं, आणि त्या काही पडीक शाळा नव्हत्या. दहापैकी दहा गुणांची वेबसाइट दाखवून मला गप्प करू पाहणारे यावर गप्प होतात. त्या गुणांनी तुमच्या मुलाचा वर्ग कसा असेल ते कळत नाही. अतिशय चढाओढीच्या हायस्कुलात चांगल्या मार्कांची पोरंसुद्धा रँकमध्ये, म्हणजे शाळेतल्या क्रमांकात, मागे पडतात, आणि टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांचा आपोआप प्रवेश रँकवर असतो. हे ऐकून शांत बसणारे आईवडील मला आवडतात. लगेच "मग सोप्या शाळेचा एरिया सांगा" म्हणणारे नाही.

बालवर्गाचंही बघा. इथे १ सप्टेंबरला पाच वर्षं पूर्ण लागतात आणि शाळा ऑगस्टच्या मध्यावर सुरू होते. सप्टेंबर-ऑक्टोबरात जन्मलेल्या मुलांचं एक वर्ष या एका तारखेवर सरकतं.

आणि एजंटला "तिथे इंडियन किती आहेत, एरिया कसा आहे" हे विचारून अवघडवू नका. फेअर हाउसिंग कायद्यामुळे लोकांच्या वंश-धर्मावरून तुम्हाला इकडे-तिकडे वळवायची त्याला मनाई आहे. तो हसून विषय बदलतो आणि तुम्ही त्याला आतल्या गाठीचा समजता. संध्याकाळी पार्कमध्ये चक्कर मारा, कळेल.

माती न बघणं

उत्तर डॅलसच्या खाली काळी चिकणमाती आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको: पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आपण तिच्यात कापूस घेतो, इथे तिच्यावर काँक्रीटचा स्लॅब टाकून घर उभं करतात. तळघर विचारू नका, बहुतेक घरांना नसतंच. जुन्या घरात दाराच्या कोपऱ्यातून तिरकी चीर गेलेली दिसली, किंवा बेडरूमचं दार कडीत बसत नसलं, तर थांबा. फाउंडेशन दुरुस्त करणाऱ्या कंपनीची फुकट तपासणी घेऊ नका. ती दुरुस्ती विकायलाच येते. पैसे मोजून स्ट्रक्चरल इंजिनिअर आणा. घर घेतल्यावर उन्हाळ्यात स्लॅबच्या कडेने सोकर होज, म्हणजे पाणी झिरपवणारी नळी, लावायची, सगळीकडे सारखी. एका बाजूला भरपूर आणि दुसरीकडे कोरडं ठेवलंत तर न लावलेली बरी.

बाकीच्या, थोडक्यात

ऑफिसचं अंतर रविवारी सकाळी मोजू नका. मंगळवारी साडेसातला, हायवे ३८० च्या सिग्नलांसकट मोजा, आणि डॅलस नॉर्थ टोलवेचा महिन्याचा टोल त्यात धरा. ट्रेनवर विसंबणार असाल तर फ्रिस्को, अ‍ॅलन, मॅकिनी डार्टमध्ये, म्हणजे डॅलसच्या बस-ट्रेन सेवेत, नाहीत. प्लेनो, रिचर्डसन, अर्व्हिंग, कॅरोल्टन बघा. इन्शुरन्सचा भाव ऑफर देण्याआधी काढा: गारपिटीचा डिडक्टिबल घराच्या विमा रकमेच्या एक-दोन टक्के असतो, म्हणजे पाच लाखांच्या विम्यावर दोन टक्के धरले तर छतासाठी पहिले दहा हजार तुमचे. वीज कंपनी निवडता येते म्हणतात, पण कोसर्व्हसारख्या को-ऑपच्या, म्हणजे सहकारी वीज संस्थेच्या, भागात येत नाही. घर नवीन आहे म्हणून इन्स्पेक्शन न करणाऱ्यांशी मी बोलत नाही. ह्यूस्टनला जाणाऱ्यांनी केटीच्या बाजूला अ‍ॅडिक्स आणि बार्कर जलाशयांचा नकाशा आधी उघडावा. २०१७ च्या हार्वी वादळात तिथली हजारो घरं जलाशयाच्या साठ्याच्या पाण्यात गेली, आणि आपलं घर त्या पट्ट्यात आहे हे अनेकांना तेव्हाच कळलं.

आल्या आल्या विकत घेणं

"भाडं म्हणजे पैसे पाण्यात." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तरही देत नाही. एक उन्हाळा आणि एक गारपिटीचा मोसम भाड्याच्या घरात काढा. ज्या आयएसडीवर डोळा आहे त्याच हद्दीत भाड्याने घ्या, म्हणजे नंतर जवळच घर घेतलंत तरी जिल्हा बदलायला नको. लीज जूनच्या सुमारास संपेल अशी मागा. घरमालक तेरा-चौदा महिन्यांना सहसा तयार होतात. तोपर्यंत एप्रिलच्या सुमारास येणारी अप्रेझलची पत्रं शेजाऱ्यांच्या हातात दिसतात आणि त्यातल्या किमतीविरुद्ध प्रोटेस्ट कसा करायचा हेही फुकटात ऐकायला मिळतं. गणपतीला मंडळात जा, हनुमान मंदिरात शनिवारी रांगेत उभे राहा. कुठल्या वसाहतीचा एचओए, म्हणजे घरमालकांची संस्था, छळतो आणि कुठल्या बिल्डरचे लोक वॉरंटीचा फोन उचलतात ही माहिती तिथेच मिळते.