कर्नलमध्ये युजर पॉइंटर हाताळताना या चुका टाळा

लिनक्सच्या कर्नलचे, म्हणजे त्याच्या गाभ्याचे, ड्रायव्हर तपासताना "जीसीसीने एकही वॉर्निंग दिली नाही" हा कंपाइलरचा दाखला माझ्यासमोर इतक्यांदा ठेवला जातो, की आता त्यावर उत्तर देण्याचाही कंटाळा येतो. जीसीसी वॉर्निंग देणार तरी कशी? नेहमीच्या बिल्डमध्ये `__युजर` ही 'हा पत्ता युजर प्रोसेसचा' असे सांगणारी पॉइंटरवरची खूण म्हणजे एक रिकामा मॅक्रो असतो. तिला अर्थ येतो तो स्पार्स हे कोड न चालवता तपासणारे साधन चालवल्यावर. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००३ मध्ये स्पार्स लिहायला घेतले ते बऱ्याच अंशी याचसाठी, की युजर प्रोसेसकडून आलेला पॉइंटर आणि कर्नलचा स्वतःचा पॉइंटर हे दोन वेगळे टाइप ठरावेत आणि त्यांची सरमिसळ कोड चालण्याआधीच पकडली जावी.

आयऑक्टलची पहिली ओळ

सगळ्यांत जास्त दिसणारी आणि सगळ्यांत महाग पडणारी चूक ही. आयऑक्टल म्हणजे प्रोग्रामने ड्रायव्हरला खास आज्ञा देण्याचा सिस्टिम कॉल. त्याच्या हँडलरला मिळणारे शेवटचे आर्ग्युमेंट पॉइंटर नसते, ते अनसाइन्ड लाँग, म्हणजे पूर्णांक असते. त्याचा पॉइंटर करताना लिहिणारा सवयीने साधा स्ट्रक्ट पॉइंटर कास्ट करून मोकळा होतो आणि `__युजर` राहून जाते. पूर्णांकापासून बनलेला पॉइंटर मूळचा कुठला, हे कळायला स्पार्सला काही मार्गच नसतो. त्यामुळे पुढे बाण (`->`) लावून थेट फील्ड वाचले तरी ते गप्प बसते.

एका कंपनीच्या डेटा संकलन कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये नेमके हेच होते आणि तरीही तो जुन्या मशिनवर वर्षानुवर्षे सुरळीत चालला. कारण सरळ आहे: एक्स८६ वर सिस्टिम कॉलच्या वेळी त्या प्रोसेसची मेमरी कर्नलच्या पेज टेबलमध्येही दिसत असते, त्यामुळे थेट वाचन बहुधा जमून जाते. पुढे ग्राहकाने नवे सर्व्हर घेतले. त्यांच्या प्रोसेसरमध्ये एसएमएपी होते, म्हणजे इंटेलने ब्रॉडवेलपासून दिलेली ती सोय, जिच्यामुळे कर्नलने रीतसर दार उघडल्याशिवाय युजर पेजला हात लावला की फॉल्ट होतो. पहिल्याच आयऑक्टलला कर्नल ऊप्स झाला, म्हणजे आतली चूक नोंदवून त्याने ते काम तिथेच तोडले. फॉल्टचा पत्ता शून्यांनंतर "७एफ" ने सुरू होत होता, म्हणजे युजर प्रोसेसच्या हद्दीतला होता. तो पाहिल्यावर जाणत्याला पुढचा ट्रेस वाचायची फारशी गरज राहत नाही.

मला बोलावले जाईपर्यंत टीमने "उपाय" करून ठेवला होता. त्या कर्नलमध्ये `नोस्मॅप` हा बूट पर्याय उपलब्ध होता, तो लावून एसएमएपीच बंद केले होते आणि तिकीट क्लोज झाले होते. अशा शॉर्टकटबद्दल माझे मत छापण्याजोगे नाही. हँडलर त्या स्ट्रक्टमधले एक फील्ड उत्तरात परतही पाठवत होता. म्हणजे डिव्हाइस फाइल उघडू शकणाऱ्या कोणालाही युजर पत्त्याऐवजी कर्नलचा पत्ता देऊन हवी ती कर्नल मेमरी वाचता आली असती. हे एसएमएपी चालू ठेवूनही थांबले नसते, कारण एसएमएपी फक्त युजर पेजेसपुरते पाहते. पत्ता युजरच्या हद्दीतला आहे का, हे युजर मेमरीतून कर्नलमध्ये कॉपी करणारे `कॉपी_फ्रॉम_युजर` तपासते, आणि त्याला तर कोणी बोलावलेच नव्हते.

दुरुस्ती कंटाळवाणी होती. पहिल्या ओळीतला कास्ट `__युजर` सह लिहिला, त्याबरोबर स्पार्सने थेट वाचनाची प्रत्येक जागा ओळ क्रमांकासह दाखवली, आणि त्या सगळ्यांच्या जागी सुरुवातीलाच एकदा स्टॅकवरच्या स्ट्रक्टमध्ये कॉपी करून घेतली. माझी सवय अशी, की हँडलरच्या पहिल्या ओळीत त्या आर्ग्युमेंटचा `__युजर` पॉइंटर करायचा आणि त्यानंतर मूळ पूर्णांकाला शिवायचेच नाही. स्ट्रक्टच्या आत आणखी पॉइंटर पाठवायचा असेल तर तिथे ६४ बिटांचा पूर्णांक ठेवून तो `यू६४_टू_युजर_पीटीआर` मधून काढावा. त्यामुळे ६४ बिटांच्या कर्नलवर ३२ बिटांचा प्रोग्राम चालवतानाची डोकेदुखीही वाचते.

वॉर्निंग गप्प करणे

स्पार्सने कुरकुर केली की `__फोर्स` (हा कास्ट मुद्दाम आहे, असे स्पार्सला सांगणारी खूण) लावणारे एक वेळ परवडले, कारण तो शब्द निदान ग्रेपने सापडतो. पॉइंटर आधी अनसाइन्ड लाँगमध्ये आणि मग परत साध्या पॉइंटरमध्ये कास्ट करणारे त्याहून वाईट, कारण मूळ सेटिंगमध्ये स्पार्स त्या वाटेवर काहीच बोलत नाही आणि मागे खूणही उरत नाही. `__फोर्स` च्या वर कारण लिहिलेले नसेल तर मी पॅच परत पाठवतो.

टाइप बरोबर म्हणजे पत्ता बरोबर नव्हे

हे नवख्यांना पटवणे अवघड जाते, म्हणून मी त्यांना `वेटआयडी` या चाइल्ड प्रोसेसची वाट पाहणाऱ्या सिस्टिम कॉलची गोष्ट सांगतो. कर्नलच्या ४.१३ या आवृत्तीत त्या सिस्टिम कॉलचे निकाल लिहिण्याची पद्धत बदलताना `ॲक्सेस_ओके` ही हद्दीची तपासणी गळाली आणि २०१७ मध्ये सीव्हीई-२०१७-५१२३ हा सुरक्षा-दोष नोंदला गेला. पॉइंटरवर `__युजर` व्यवस्थित होते, टाइपच्या दृष्टीने तक्रारीला जागाच नव्हती, आणि तरीही कर्नलच्या पत्त्यावर लिहिता येत होते. २०१९ च्या जानेवारीत ही तपासणी युजर मेमरीचे दार उघडणाऱ्या `युजर_ॲक्सेस_बिगिन` च्याच पोटात घालण्यात आली. विसरणाऱ्याला उपदेश करण्यापेक्षा विसरायची जागाच काढून टाकणे मला केव्हाही पसंत आहे.

थोडक्यात उरलेल्या

`कॉपी_फ्रॉम_युजर` एरर कोड देत नाही, कॉपी न झालेल्या बाइटची संख्या देते. ती तशीच रिटर्न करू नका.

एकच युजर फील्ड दोनदा वाचू नका, कारण मधल्या क्षणात दुसरा थ्रेड ते बदलू शकतो आणि हे कोणताही टाइप पकडत नाही.

डिव्हाइसच्या मेमरीकडे नेणारा `__आयओमेम` पॉइंटर थेट वाचून एक्स८६ वर चालतो म्हणून खूश होऊ नका, `रीडएल` वापरा.

बिल्डबरोबर स्पार्स चालवणारा `मेक सी=१` फक्त नव्याने कंपाइल होणाऱ्या फाइली तपासतो. आधीच बिल्ड झालेल्या सोर्स ट्रीवर तो चालवून "सगळे स्वच्छ आहे" असे कळवणाऱ्यांनी आधी सगळ्या फाइली तपासणारे `सी=२` चालवावे, तेही आपल्या ड्रायव्हरच्या डिरेक्टरीपुरते, म्हणजे इतरांच्या जुन्या वॉर्निंगच्या ढिगात स्वतःची हरवत नाही.

रस्ट ही भाषा डिसेंबर २०२२ च्या ६.१ पासून कर्नलमध्ये आहे आणि तिथे युजर मेमरीसाठी वेगळा टाइपच असल्याने वरच्यातल्या काही चुका लिहिताच येत नाहीत. मात्र घाईत भाषेच्या तपासण्या सैल करणारा `अनसेफ` ब्लॉक टाकणारे तिथेही भेटतात. अशा ब्लॉकच्या वर सेफ्टी कमेंट लिहायची रीत आहे. ती नसलेला पॅच मी पुढे वाचत नाही.