बाळाच्या पाकीटबंद खाऊचं लेबल वाचताना या चुका टाळा

सहा महिन्यांच्या बाळासाठी पहिल्यांदा सिरियल आणलं की घरातले सगळे डबा उलटासुलटा करून वाचतात. तेच बाळ दीड वर्षाचं झालं, चार दात आले, की 'आता आपलंच खातं की' म्हणत दिसेल तो पफचा पुडा, बिस्किटं, फ्लेवरवाल्या दह्याचा कप ट्रॉलीत पडतो. माझ्या मते डोळ्यांत तेल घालून वाचायची वेळ ही दुसरी आहे. पहिल्या टप्प्यात कायदा थोडाफार तुमच्या बाजूने उभा असतो, पुढे तो हळूच बाजूला होतो.

१९९२चा शिशु दुग्धपर्यायांचा कायदा आणि त्यातली २००३ची दुरुस्ती यांमुळे दोन वर्षांपर्यंतच्या शिशुआहाराची जाहिरात करता येत नाही, डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्र छापता येत नाही. शिवाय एफएसएसएआयचे, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०२०चे शिशुपोषणाचे नियम आहेत. पण 'किड्स' म्हणून विकला जाणारा नाचणी पफ, चीज स्टिक, चॉकलेटी सिरियल हे बहुतेक वेळा या चौकटीत येतच नाही. फरसाण-बिस्किटं ज्या नियमांनी विकली जातात त्याच नियमांनी तेही विकलं जातं. म्हणून त्यावर हसणारा हत्ती असतो, 'ब्रेन'ही असतो आणि 'ग्रोथ'ही.

चूक : पुढची बाजू वाचून निवड करणं

पुण्यात कर्वे रोडवरच्या कुठल्याही सुपरमार्केटात बाळांच्या खाऊच्या कप्प्यापाशी पाच मिनिटं थांबा. पुढे मोठ्या अक्षरांत 'नाचणी', 'ज्वारी', 'मिलेट', बाजूला कणसाचं चित्र. मागे घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते, म्हणजे जो घटक सर्वांत जास्त तो पहिला. तिथे पहिला तांदूळ किंवा मक्याचं पीठ, दुसरं पाम तेल, आणि नाचणी चौथी-पाचवी असेल, तर तो नाचणीचा खाऊ नव्हे, नाचणीचं नाव लावलेला खाऊ आहे.

ज्या घटकाचा पुढे गाजावाजा केला आहे त्याचं प्रमाण टक्क्यांत द्यायचा नियम आहे. त्यामुळे कंसातला तो आकडा शोधा. 'नाचणी (८%)' वाचल्यावर पुढचं चित्र आपोआप लहान वाटू लागतं. पालकाच्या हिरव्या रंगाच्या स्टिकचंही तेच. पावडर किती टक्के आहे ते बघा, मग ती भाजी म्हणून मोजायची की नाही ते ठरवा.

वाकड-हिंजवडीकडे हल्ली दहा मिनिटांत घरपोच मागवायची सवय आहे. ॲपवर पुढचा फोटो झकास असतो आणि मागचा कधी असतो, कधी नसतो. घटक आणि पोषणमूल्यं विक्रीआधी दाखवणं ऑनलाइन विक्रेत्यांवरही बंधनकारक आहे. मागची बाजू दिसत नसेल तर मी ती वस्तू बाळासाठी घेत नाही. तारखेबाबत एफएसएसएआयने नोव्हेंबर २०२४मध्ये सांगितलंय की माल हातात देताना त्याच्या एकूण टिकाऊपणाचे किमान ३० टक्के किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत. उद्या मुदत संपणारं पाकीट आलं तर दारातूनच परत करा.

चूक : 'साखर नाही, गूळ आहे' यावर समाधान मानणं

ही चूक सुशिक्षित घरांत जास्त होते. 'अगं, गूळच आहे ना, मग चालतो त्याला,' असं आजी म्हणते आणि सूनही मान डोलावते. बाळाच्या दातांना आणि जिभेला गूळ, काकवी, मध, फळांच्या रसाचा काँसन्ट्रेट ही सगळी गोडीच आहे. गुळातलं लोह म्हणाल, तर बाळ खाईल एवढ्याशा गुळातून ते नगण्यच मिळतं. दोन वर्षांपर्यंत वरून साखर घालू नये, हा सल्ला इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सपासून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेपर्यंत सगळे देतात.

यादीत साखर वेगवेगळी नावं घेऊन बसते : डेक्स्ट्रोज, ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, फ्रुक्टोज. माल्टोडेक्स्ट्रिन हा आणखी छुपा रुस्तुम. पोषणाच्या तक्त्यात तो 'शुगर'च्या रकान्यात धरला जात नाही, कर्बोदकांत धरला जातो, पण रक्तात साखर चढवण्यात तो मागे नाही. एकाच यादीत अशी तीन नावं विखुरलेली दिसली तर मनात बेरीज करा. वेगवेगळी लिहिल्यामुळेच त्यांतलं एकही यादीत वर येत नाही.

दुधाच्या सिरियलमध्ये मात्र घाबरून जाऊ नका. तिथे एकूण शुगरचा आकडा मोठा दिसतो, कारण दुधातलं लॅक्टोजही त्यात मोजलेलं असतं. बघायची ती 'ॲडेड शुगर'ची वेगळी ओळ. शिशुआहारात साखर घालायला आपल्याकडे सरसकट बंदी नाही, गरजेपुरती आणि एकूण कर्बोदकांच्या २० टक्क्यांपर्यंत ती नियमात बसते. एप्रिल २०२४मध्ये पब्लिक आय या स्विस संस्थेने भारतातल्या नेस्ले कंपनीच्या सेरेलॅकच्या तपासलेल्या सगळ्या प्रकारांत सरासरी जवळपास तीन ग्रॅम वरची साखर दर वाटीमागे असल्याचं सांगितलं, तेव्हा गदारोळ झाला. त्याच वर्षी कंपनीने रिफाइंड साखर नसलेले प्रकारही आणले. म्हणजे एकाच ब्रँडचे दोन डबे शेजारी-शेजारी असू शकतात, एक साखरेचा, एक बिनसाखरेचा.

पुण्यात हा विषय जरा जास्तच जिव्हाळ्याचा असायला हवा. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने १९९३पासून पुण्याजवळच्या गावांत गरोदर बाया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. वजनाने कमी भरणाऱ्या आपल्या बाळांच्या अंगात चरबीचं प्रमाण मात्र तुलनेने जास्त असतं, हे त्यातून जगापुढे आलं. मधुमेहाचा कल असलेल्या घरात बाळाला पहिल्या वर्षीच गोडाची चटक लावण्याची घाई कशाला?

मधाबद्दल एकच सांगते. एक वर्षाच्या आत चाटणही नको आणि मधाची बिस्किटंही नकोत. त्यातले क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जंतूचे बीजाणू घरच्या उकळण्या-भाजण्याने मरत नाहीत. त्यांच्यामुळे होणारा बोटुलिझम हा आजार क्वचित होतो, पण झाला तर बाळ लुळं पडतं.

चूक : पाकिटावरचे टक्के बाळाचे समजणं

ही चूक मला सगळ्यात महागाची वाटते आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात 'आरडीए'चे, म्हणजे दिवसाच्या शिफारस केलेल्या प्रमाणाचे, टक्के असतात. ते २००० किलोकॅलरी खाणाऱ्या मोठ्या माणसाच्या हिशेबाने काढलेले असतात : दिवसाला २००० मिलिग्रॅम सोडियम, ५० ग्रॅम वरची साखर.

समजा, २५ ग्रॅमच्या पफच्या पुड्यावर १०० ग्रॅममागे ४८० मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय. पुडा संपला की बाळाच्या पोटात १२० मिलिग्रॅम गेलं. लेबल म्हणतं ६ टक्के, काहीच नाही. ब्रिटनच्या आरोग्यसेवेने १ ते ३ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त २ ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण ८०० मिलिग्रॅम सोडियम, ही मर्यादा ठेवली आहे. त्या मापाने तोच पुडा १५ टक्के होतो, आणि अजून वरण, भाजी, पोळी, संध्याकाळचं बिस्कीट बाकीच आहे. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं, हे ध्यानात राहिलं तर दुकानात उभ्या उभ्या हिशेब होतो. झटपट नूडल्सचा मसाला 'अर्धाच घालते' म्हणणाऱ्यांनी एकदा त्या पुड्यावरचं सोडियम जरूर बघावं.

'पर सर्व्ह'चं मापही कंपनीच ठरवते. तक्त्यात २५ ग्रॅमची एक सर्व्हिंग असते आणि आपण वाटीत ५० ग्रॅम ओततो. एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तुमची वाटी तोलून घ्या.

चूक : सगळ्या नंबरांना घाबरणं, किंवा एकालाही न घाबरणं

घटकांच्या यादीतले आयएनएस नंबर म्हणजे खाद्यपदार्थांत वरून घातलेल्या पूरक द्रव्यांचे क्रमांक. ३०० म्हणजे क जीवनसत्त्व. ३३० म्हणजे लिंबातलं आम्ल. ५०० म्हणजे खायचा सोडा. यांना विष म्हणणारे व्हॉट्सॲप फॉरवर्ड खुशाल डिलीट करा. ३२२ म्हणजे लेसिथिन, तेही निरुपद्रवी, फक्त ते बहुधा सोयाबीनचं असतं, म्हणून सोयाची ॲलर्जी असलेल्या बाळाच्या घरात तेवढं बघा.

रंगांचं वेगळं. १०२, ११०, १२२ आणि १२४ हे आपल्याकडे ठरावीक पदार्थांत चालणारे रंग. युरोपात मात्र जुलै २०१०पासून हे रंग असलेल्या खाद्यपदार्थांवर 'मुलांच्या लक्ष देण्यावर आणि चळवळेपणावर परिणाम होऊ शकतो' असा इशारा छापावा लागतो. दोन वर्षांच्या मुलाला जेली केशरी दिसली काय नि पांढरी काय, फरक आपल्याला पडतो.

चूक : 'घरगुती' म्हणजे निर्धोक

सोसायटीचा ग्रुप, दिवाळीआधीची प्रदर्शनं, ओळखीच्या काकू : नाचणी सत्त्व, खारीक-बदाम पावडर, 'वजन वाढवणारं' मिश्रण. बायकांच्या या उद्योगाबद्दल मला आदरच आहे. पण पारदर्शक पिशवीवर फक्त नाव आणि मोबाइल नंबर असेल, तर आत काय आहे, कधी दळलंय, हे कळायला मार्ग नाही. अगदी छोट्या घरगुती उत्पादकालाही एफएसएसएआयची साधी नोंदणी लागते आणि त्याचा १४ आकडी नंबर पाकिटावर हवा. 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर तो टाकून बघता येतो. काकूंना नंबर विचारायला संकोच वाटत असेल तर निदान तीन प्रश्न विचारा : कधी दळलंत, शेंगदाणे-बदाम आहेत का, जायफळ किती घातलंय? जायफळ चिमूटभराच्या पुढे गेलं की ते औषध राहत नाही, आणि 'बाळ छान झोपतं' ही काही त्या पावडरीची तारीफ नव्हे.

सुक्यामेव्याची पावडर उन्हाळ्यात लवकर खवट होते. वास घ्या, चिमूटभर स्वतः खाऊन बघा, कडवट लागली तर फेका. कुबट वासाचे शेंगदाणे तर भाजूनही वापरू नयेत, बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष भाजल्याने पुरतं जात नाही.

मसाल्यांनाही विसरू नका. ऑक्टोबर २०२३मध्ये अमेरिकेत लहान मुलांच्या सफरचंद-दालचिनीच्या पाऊचमध्ये शिसं सापडलं आणि ते आलं होतं दालचिनीत मिसळलेल्या लेड क्रोमेटमधून. हळद पिवळीजर्द दिसावी म्हणून हेच रसायन वापरल्याचे प्रकार आपल्या उपखंडात झाले आहेत. बाळाच्या खिचडीत सुटी, झगझगीत हळद नको. हळकुंडं आणून दळून घेतलेली बरी.

ॲलर्जी आणि घास अडकणं

दूध, गहू, सोया, शेंगदाणे, सुकामेवा, अंडं, मासे यांची सूचना घटकांच्या यादीखाली वेगळी असते. ती दर वेळी वाचा, कारण पाकीट तेच ठेवून आतला फॉर्म्युला बदलतो. ॲलर्जीच्या भीतीने शेंगदाणा दोन-तीन वर्षं लांबवणं मात्र आता जुनं झालं. २०१५च्या 'लीप' या ब्रिटिश अभ्यासात लवकर सुरुवात केलेल्या बाळांत ही ॲलर्जी कितीतरी कमी दिसली. कूट पातळ करून द्या, अख्खा दाणा नको. अंगावर मोठा इसब असेल किंवा अंड्याची ॲलर्जी आधीच कळली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. अख्खे दाणे, बदामाचे तुकडे, पॉपकॉर्न पाच वर्षांपर्यंत नकोच, मग पाकिटावर काहीही वय लिहिलेलं असो.

चूक : पाकीट फोडून स्टीलच्या डब्यात ओतणं

आपली जुनी सवय. डबा स्वच्छ असला तरी बॅच नंबर, तारीख, ॲलर्जीची सूचना सगळं कचऱ्यात जातं. पाळणाघरात पाठवलेल्या डब्यात काय आहे हे तिथल्या मावशींना कसं कळणार? आतली पिशवीच चिमट्याने बंद करून डब्यात ठेवा आणि मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढा. उघडल्यानंतर किती दिवसांत संपवायचं ते पाकिटावर असतं, छापलेल्या शेवटच्या तारखेशी त्याचा संबंध नाही. पावसाळ्यात ओला चमचा आत गेला की ती मुदतही विसरा.

कालवलेलं सिरियल लगेच भरवायचं. बाळाच्या तोंडातला चमचा वाटीत गेला की लाळेने ते पातळ होतं आणि जंतूंची सोय होते, ते 'संध्याकाळी देऊ' म्हणून फ्रिजमध्ये ठेवू नका. पाऊचमधून द्यायचं असेल तर आधी वाटीत काढा, थेट चोखायला दिलं तर उरलेलं टाकावं लागतं. आणि मे महिन्यात एक्सप्रेस-वेवर जेवायला थांबताना पाऊच बंद गाडीत विसरू नका.

काही बिघडलं तर

पाऊच फुगलेला असेल तर उघडूच नका. पावडरीत गुठळ्या असतील तर ओल शिरली आहे, चाळून वापरायची नाही. जाळी किंवा किडा दिसला तर अख्खा डबा बाद.

नवीन खाऊनंतर तोंडाभोवती लाल गांधी आल्या तर खाऊ थांबवा, पाकिटाचा फोटो घेऊन डॉक्टरांना दाखवा. ओठ-डोळे सुजले, बाळ घरघरतंय, सारखी उलटी होऊन मलूल पडलंय, तर फोटो राहू द्या आणि थेट रुग्णालय गाठा, नाहीतर १०८ला फोन करा.

तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करायची, त्यांचा टोल फ्री नंबर १८००२२२३६५. बिल, बॅच नंबर, तारीख जवळ ठेवा. पाकिटात उरलेला खाऊ फेकू नका, पाकीट घट्ट बांधून बाजूला ठेवा, आणि बाळाच्या वस्तू स्वच्छ ठेवायच्या सवयीने ते धुऊन मात्र काढू नका, तपासायला नमुना त्यातलाच लागेल.