ऑफर स्वीकारण्याआधी परताव्याचे नियम वाचा

परदेशी कॉलेजचं ऑफर लेटर आलं की 'ॲक्सेप्ट'चं बटण दाबायची घाई होते. थोडं थांबा. ऑफर सशर्त आहे का, ते आधी बघा. अंतिम गुणपत्रिका किंवा इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल बाकी असेल, तर तो कधीपर्यंत द्यायचा ते टिपून ठेवा.

मग परताव्याचे नियम नीट वाचा. व्हिसा नाकारला गेला तर जागा पक्की करायला भरलेलं डिपॉझिट परत मिळतं का? किती कापून? व्हिसा नाकारल्याचं पत्र कॉलेजला किती दिवसांत पाठवायचं? उत्तर स्पष्ट नसेल तर प्रवेश विभागाला ईमेल करा आणि लेखी उत्तर घ्या. एजंटच्या तोंडी आश्वासनावर पैसे भरू नका, हे अगदी कळकळीनं सांगतेय.

ऑफर लेटरवर तुमचं नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच हवं. नाव-आडनावाची अदलाबदल झाली असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या, कारण व्हिसासाठी लागणारा कागद (ब्रिटनमध्ये कॅस, अमेरिकेत आय-२०, ऑस्ट्रेलियात सीओई) कॉलेजकडच्या याच माहितीवरून निघतो. पैसे पाठवताना विद्यार्थी क्रमांक टाका, पावती जपून ठेवा. आणि नको असलेल्या बाकी ऑफर्सना नकार कळवा, प्रतीक्षा यादीतल्या कुणाला तरी ती जागा मिळू शकते.