आधी वही, मग रांग: गावातील भेदभाव कमी करण्यासाठी वर्तनविज्ञान कसे वापरावे

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत गावपातळीवर काम करणाऱ्या ग्रामसेवकाला, शिक्षकाला किंवा आरोग्यसेविकेला जातीय भेदभावाविषयी विचारल्यावर एक उत्तर हमखास मिळते: ‘आमच्या गावात आता असलं काही राहिलं नाही.’ हे उत्तर देणारा खोटे बोलतो असे समजून वाद घालू नये, कारण पुष्कळदा त्याला ते मनापासून खरे वाटत असते. आपल्या हातून होणारा भेदभाव स्वतःला दिसतोच असे नाही. अमेरिकेत मेरियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी बोस्टन व शिकागो येथील नोकरीच्या जाहिरातींना सुमारे ५,००० बनावट अर्ज पाठवले. पात्रता तुल्य होती, फरक फक्त नावांचा होता. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गोऱ्यांची वाटणारी नावे असलेल्या अर्जांना कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली. भारतातील खासगी नोकऱ्यांसाठी अशाच पद्धतीने अर्ज पाठवून सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली जातीबाबतही हेच दाखवले. थोरात हे आपल्याच मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी. हे अर्ज बाजूला सारणाऱ्या किती जणांनी ‘मी भेदभाव करतो’ असे कबूल केले असते?

म्हणून वर्तनविज्ञानाच्या, म्हणजे माणसे प्रत्यक्षात कशी वागतात हे तपासणाऱ्या शास्त्राच्या, वाटेने जायचे तर पहिले काम उपदेशाचे नाही, मोजणीचे आहे. उन्हाळ्यात जेथे टँकर वस्त्या-वस्त्यांवर फिरतो तेथे सलग पंधरा दिवस एक वही ठेवावी: टँकर आधी कोठे थांबला, शेवटी कोठे पोहोचला, प्रत्येक वस्तीत किती हंडे भरले गेले, किती बायका रिकाम्या हंड्याने परतल्या. घराचे किंवा माणसाचे नाव लिहू नये, वस्तीचे लिहावे. नोंद करणारे दोघे असावेत आणि ते दोन वेगळ्या वस्त्यांतील असावेत, म्हणजे वहीवर कोणी बोट ठेवणार नाही. ग्रामसभेत नुसते आकडे वाचून दाखवावेत. कोणावर आरोप झाला की सभा आकड्यांवरून उठून भांडणावर जाते.

त्यानंतर निर्णय माणसाच्या मर्जीतून काढून नियमात घालावा. चालकाला घाई असते, एखाद्या सदस्याचा फोन येतो, आणि टँकर सवयीने नेहमीच्याच चौकात उभा राहतो. यात कट नसतो, पण शेवटची वस्ती मात्र रोज तीच असते. पहिल्या थांब्याचा मान रोज पुढच्या वस्तीकडे सरकेल असे महिन्याचे वेळापत्रक करून ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. ज्याला क्रम मोडायचा असेल त्याला मग सर्वांदेखत कारण सांगावे लागते, आणि तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

शाळेत काळजी अधिक बारकाईने घ्यावी लागते. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशातील सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली होती. जात जाहीर केली नव्हती तेव्हा खालच्या मानल्या गेलेल्या जातींची मुले बरोबरीने सोडवत होती. सर्वांसमोर नावासह जात पुकारल्यावर त्यांचीच कामगिरी घसरली. आता आपल्या वर्गात शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना ‘एस.सी.ची मुलं उभी राहा’ असे जे सहज म्हटले जाते, त्याचा विचार करावा. गुरुजींचा हेतू मदतीचाच असतो, पण परीक्षेच्या आदल्या आठवड्यात हे वाक्य किती महाग पडते हे ते मोजत नाहीत. अर्जाची माहिती पालकांकडून किंवा एकेका मुलाकडून स्वतंत्रपणे घ्यावी. पोषण आहाराची पंगत हजेरी क्रमांकाने बसवावी. घटक चाचणीच्या उत्तरपत्रिकांवर नाव न लिहिता क्रमांक लिहायला सांगावा आणि त्या दुसऱ्या वर्गाच्या शिक्षकाकडून तपासून घ्याव्यात. दहावीला मंडळ जे करते तेच पाचवीला करायचे आहे.

ऊसतोड कामगारांच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. तमिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांवरील २०१३ च्या अभ्यासात तोच शेतकरी तोडणीपूर्वीच्या तंगीत बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडला आणि पैसे हाती आल्यावर सुधारला. तो ऊस पिकवणारा होता. आपल्याकडचा माणूस उचल घेऊन, ती फेडण्यासाठी कोयता चालवतो, तेव्हा त्याच्या डोक्यावरचा भार याहून हलका असेल असे मानायला आधार नाही. कागद विसरला, तारीख चुकली, याला निष्काळजीपणा म्हणू नये. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघण्याआधी, श्रावण-भाद्रपदातच शिबिर घेऊन दाखले, रेशन कार्डाची कामे आणि मुलांच्या हंगामी वसतिगृहाचे अर्ज एकाच दिवशी, एकाच ठिकाणी, वस्तीवर जाऊन भरून घ्यावेत. तालुक्याची एक खेप म्हणजे एक बुडालेला रोज. ती वाचवणे हे दहा भित्तिपत्रकांपेक्षा उपयोगी आहे.

जवळीक वाढवायची तर एका दिवसाच्या व्याख्यानावर भिस्त ठेवू नये. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ सालीच सांगितले होते की समान दर्जा, समान ध्येय, परस्पर सहकार्य आणि वरिष्ठांचा पाठिंबा असेल तेथेच संपर्काने पूर्वग्रह कमी होतात. अर्थशास्त्रज्ञ मॅट लोव यांनी उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या खेळाडूंचे क्रिकेटचे मिश्र संघ बनवून पाहिले, तेव्हा एकाच संघात खेळलेल्यांची इतर जातींशी मैत्री वाढली. प्रतिस्पर्धी म्हणून समोर आलेल्यांत तसा लाभ दिसला नाही. आपल्या गावातील टेनिस बॉल स्पर्धेत संघ वस्तीनिहाय पडत असतील तर ती स्पर्धा न घेतलेली बरी. चिठ्ठ्या टाकून संघ पाडावेत.

विहिरीवर कोणी अडवत असेल किंवा धमकावत असेल, तर मात्र वही काढत बसू नये. तो १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध कायद्याखालील गुन्हा ठरू शकतो आणि त्याची जागा पोलीस ठाण्यात आहे. जमिनीचे आणि मजुरीचे प्रश्नही रांग बदलून सुटत नाहीत. बाकी ठिकाणी पंधरा दिवसांची तीच वही पुढच्या उन्हाळ्यात, त्याच रकान्यांसह, पण नव्या दोघांच्या हाती द्यावी आणि दोन्ही वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी फलकावर लावावेत.